एमबीए करायचंय, मग बीएमएसच हवं का?

प्रश्न : बारावी विज्ञान, गणितासह झाले. तारकर्लीत आमचं पर्यटकांसाठी घरगुती निवासस्थान आहे. पुढे एमबीए करायचं तर आता बीएमएसच घ्यावं लागेल ना? बाबा अभियांत्रिकी म्हणतात. पण ते मुंबई विद्यापीठातून की लोणेरेच्या तंत्रशास्त्र विद्यापीठातून?
— एक विद्यार्थिनी, मालवण

उत्तर : काळजी नको. एमबीएला कोणत्याही शाखेची पदवी चालते. खुल्या प्रवर्गाला ५० टक्के गुण आणि प्रवेश परीक्षा लागते. गणितात मन रमत असेल तर अभियांत्रिकी घे. घरचा व्यवसाय वाढवायची ओढ असेल तर बीएमएस मुळीच कमी नाही. मात्र तिथून अभियांत्रिकीकडे परतणं अवघड.

लोणेरेचं तंत्रशास्त्र विद्यापीठ १९८९ च्या कायद्याने स्थापन झालेलं, सरकारीच. पदवी दोन्हीकडची मान्य. म्हणून विद्यापीठापेक्षा महाविद्यालय पाहा : शिक्षक, प्रयोगशाळा, वसतिगृह, नोकऱ्यांची नोंद. केंद्रीय प्रवेशाच्या एकाच पसंतीयादीत दोन्हींकडची महाविद्यालयं भरता येतात.

प्रवेश याच प्रक्रियेतून घे. ओबीसी, एसईबीसी वा ईडब्ल्यूएस गटात असशील आणि कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल, तर २०२४ च्या निर्णयानुसार मुलींना शिक्षण व परीक्षा शुल्क माफ आहे. व्यवस्थापन कोट्यात ही सवलत नाही. दाखले आताच काढून ठेव.