प्रयोगशाळेतील रोपनिर्मिती आणि आमरींचे संरक्षण

ग्रीष्माच्या अखेरीस, पहिल्या पावसाची चाहूल लागत असता, सत्तरी, सांगे किंवा काणकोण तालुक्यांतील एखाद्या जुन्या आंब्या-फणसाच्या फांदीवरून पांढऱ्या-जांभळ्या फुलांचा गच्च घोस खाली लोंबताना दृष्टीस पडतो. मराठी मुलखात या वनस्पतीस ‘सीतेची वेणी’ म्हणतात. कोठे ‘द्रौपदीची वेणी’ असेही नाव आहे. आमरी कुळातील ही वनस्पती श्रीलंकेपासून फिलिपाइन्सपर्यंतच्या उष्ण प्रदेशात आढळते. आसामात बिहूच्या सणाला स्त्रिया हेच फूल केसांत माळतात आणि आसाम राज्याचे ते राज्यपुष्प आहे.

इतक्या गौरवाची ही वनस्पती आपल्याकडे मात्र पुष्कळदा बांडगूळ समजून झाडावरून ओरबाडली जाते. तिचे खरे स्वरूप काय, तिची रोपे काचेच्या कुपीत कशी तयार होतात आणि त्या रोपांचा रानाला उपयोग कसा व्हावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

आमरी म्हणजे बांडगूळ नव्हे

बांडगूळ आपली शोषकमुळे झाडाच्या सालीतून आत घुसवते आणि झाडाचा रस ओढून घेते. आमरी तसे काहीही करीत नाही. ती सालीला केवळ धरून राहते. तिच्या मुळांवर स्पंजासारखा पांढरट थर असतो. पावसाचे व दवाचे पाणी, तसेच सालीच्या खाचांत साठलेल्या कुजक्या पालापाचोळ्यातील क्षार, हा थर शोषून घेतो. अन्न ती आपल्या हिरव्या पानांत स्वतःच तयार करते. झाड हे तिचे घर आहे, अन्न नव्हे. म्हणून बागाईतदाराने झाडावरील बांडगूळ अवश्य काढावे. आमरीस हात लावण्याचे कारण नाही.

सर्वच आमरी झाडांवर वाढतात असे नाही. काही जमिनीतही उगवतात. सह्याद्रीत दोन्ही प्रकार आहेत, आणि त्यांतील काही जाती पश्चिम घाटाबाहेर जगात अन्यत्र कोठेही नैसर्गिकरीत्या आढळत नाहीत. अशी जाती येथून गेली, तर ती पृथ्वीवरूनच गेली असे समजावे.

ऱ्हासाची दोन कारणे

आमरीच्या ऱ्हासाचे पहिले कारण म्हणजे आश्रयवृक्षाची तोड. जुना, खडबडीत सालीचा वृक्ष पडला की त्यावर अनेक वर्षांत वसलेली आमरींची वसाहत एका दिवसात नष्ट होते. त्या जागी लावलेल्या नव्या रोपट्यावर आमरी रुजण्यास दीर्घ काळ जावा लागतो.

दुसरे कारण म्हणजे विक्रीसाठी होणारी लूट. ही लूट आजची नाही. १८५० साली ख्यातनाम वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ डाल्टन हूकर खासी टेकड्यांत गेले असता तेथील निळी व्हँडा ही आमरी त्यांनी सात माणसांच्या ओझ्याइतकी गोळा केली आणि इंग्लंडातील क्यू उद्यानाकडे रवाना केली. त्यांतील फारच थोडी झाडे जिवंत पोहोचली. त्याच सुमारास दुसऱ्या एका गृहस्थाने पाठविलेले एका माणसाचे ओझे खराब अवस्थेत पोहोचूनही तीनशे पौंडांस विकले गेले, असे हूकर यांनीच नमूद केले आहे. अशी किंमत येऊ लागल्यावर रान किती काळ टिकणार?

पुढे निर्बंध आले. वन्य जीव व वनस्पती यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारासंबंधीचा करार १९७३ साली झाला आणि १९७६ साली भारत त्यात सामील झाला. निळी व्हँडा त्या कराराच्या सर्वांत कडक, म्हणजे पहिल्या परिशिष्टात होती. २००४ साली बँकॉक येथे भरलेल्या परिषदेत तिला दुसऱ्या परिशिष्टात आणण्याचे ठरले. बाजारात येणारी या जातीची झाडे बहुतांशी संवर्धित असतात, हे त्यामागील एक महत्त्वाचे कारण होते. कायद्याच्या जोडीला रोपनिर्मितीचे शास्त्र उभे राहिले की रानावरील भार कसा हलका होऊ शकतो, याचे हे उदाहरण होय.

धुळीसारखे बी

आमरीच्या एका बोंडात हजारो, काही जातींत लाखो बिया असतात. बी इतके बारीक की बोंड उकलताच पिवळसर धूळ उडावी तसे ते वाऱ्यावर पसरते. परंतु भात, हरभरा किंवा मका यांच्या बीमध्ये अंकुरासाठी अन्नाची जी शिदोरी असते, ती आमरीच्या बीमध्ये जवळजवळ नसते. त्यामुळे रानात पडलेल्या असंख्य बियांपैकी एखादीच रुजते.

ती एखादी तरी कशी रुजते, याचा उलगडा नोएल बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९९ साली केला. एक विशिष्ट सूक्ष्म बुरशी बीमध्ये शिरते आणि तिच्याद्वारे अंकुराला अन्न मिळते, असे त्यास आढळून आले. १९२२ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे लुईस नडसन यांनी आणखी पुढचे पाऊल टाकले. क्षार व साखर घातलेल्या अगरच्या थरावर आमरीचे बी बुरशीवाचूनही रुजते, हे त्यांनी सिद्ध केले. बुरशी जे देत होती, ते आता काचनळीतील साखर देऊ लागली. आमरींच्या प्रयोगशाळेतील पैदाशीचा पाया येथे घातला गेला.

प्रयोगशाळेतील कृती

प्रथम पोषकमाध्यम तयार करतात. पाण्यात वनस्पतीस लागणारे क्षार विरघळवून त्यात दर लिटरला साधारणतः २० ते ३० ग्रॅम साखर आणि ७ ते ८ ग्रॅम अगर मिसळतात. अगर हा समुद्रशेवाळापासून मिळणारा पदार्थ असून त्यामुळे माध्यम खरवसासारखे घट्ट होते. हे माध्यम बाटल्यांत भरून ऑटोक्लेव्ह नावाच्या यंत्रात १२१ अंश सेल्सियस तापमानावर १५ ते २० मिनिटे ठेवतात. हे यंत्र म्हणजे घरच्या प्रेशरकुकरचाच मोठा भाऊ. जंतू मारणे हा यामागील हेतू आहे. कारण साखरेच्या माध्यमावर आमरीचे बी जेथे महिन्यात रुजते, तेथे बुरशी तीन दिवसांत पसरते.

बोंड पूर्ण वाढलेले, परंतु न उकललेले घेतात. बंद बोंडाच्या आतील बी स्वभावतः निर्जंतुक असते. त्यामुळे बोंड बाहेरून धुऊन, जंतुनाशक द्रावणात बुडवून, मग मद्यार्कात बुचकळून ज्योतीवरून फिरविले की पुरे होते. गाळलेल्या स्वच्छ हवेच्या झोतासमोर ते चिरून आतील बी माध्यमावर पसरतात. बाटल्या सुमारे २५ अंश तापमानाच्या प्रकाशित कक्षात ठेवतात.

काही आठवड्यांनी बी फुगते आणि त्याची हिरवी, मोहरीहूनही लहान गाठ बनते. तिला प्रथम पान फुटते, नंतर मूळ. दाटी झाली की रोपे ताज्या माध्यमावर हलवितात. बाटलीबाहेर काढण्याजोगे रोप होण्यास साधारणतः वर्षभराचा काळ लागतो. फुलावर येण्यास पुढे आणखी काही वर्षे जातात.

कोंबापासून रोपे, की बियांपासून?

रोपे मिळविण्याचा दुसराही मार्ग आहे. १९६० साली फ्रान्समधील जॉर्ज मोरेल यांनी सिंबिडियम या आमरीच्या कोंबाच्या टोकाचा सूक्ष्म भाग माध्यमावर वाढवून एका झाडापासून असंख्य झाडे मिळण्याचा मार्ग खुला केला. १९६२ साली मुराशिगे व स्कूग यांनी जे माध्यम प्रसिद्ध केले, ते ऊतिसंवर्धनात आज सर्वत्र वापरले जाते. फुलांच्या बाजारास हा मार्ग फार सोयीचा ठरला. कारण अशी सर्व रोपे मूळ झाडाची हुबेहूब प्रत असतात. रंग तोच, आकार तोच, फुलण्याचा काळही तोच.

परंतु जो गुण व्यापाऱ्यास हवा, तोच संरक्षणाच्या कामी दोष ठरू शकतो. रानातील शंभर झाडे म्हणजे शंभर निरनिराळ्या प्रकृती. एखादे कोरड्या वर्षी तग धरते, एखादे रोगास दाद देत नाही. एकाच झाडाच्या दहा हजार प्रती रानात लावल्या तर संख्या दहा हजार दिसेल. वंश मात्र एकाच झाडाचा असेल. एका रोगाने तो सगळाच जाऊ शकेल. भातशेतीत एकच वाण सर्वत्र लावल्याचे तोटे ज्या शेतकऱ्याने पाहिले आहेत, त्यास हे अधिक सांगावयास नको.

यास्तव संरक्षणासाठी शक्यतो बियांपासूनच रोपे करावीत, आणि बी एका झाडाचे न घेता एकाच परिसरातील अनेक झाडांचे घ्यावे. प्रत्येक झाडावरील थोडीच बोंडे घेऊन बाकीची रानासाठी सोडावीत. प्रत्येक बाटलीवर गाव, आश्रयवृक्ष व दिनांक यांची नोंद असावी. कोंबापासूनची पद्धत मात्र, जेथे जातीची दोन-चारच झाडे उरली असून बी धरत नाही, तेथे अखेरचा उपाय म्हणून उपयोगी पडते.

पुन्हा रानाकडे

बाटलीतील रोप लाडावलेल्या मुलासारखे असते. हवा दमट, अन्न तयार, ऊन बेताचे. त्याच्या पानांवर मेणाचा संरक्षक थर पुरता आलेला नसतो. असे रोप एकदम उघड्यावर ठेवल्यास सुकून जाते. म्हणून मुळांवरील अगर कोमट पाण्याने धुऊन, कोळसा, विटांचे तुकडे व नारळाचे सोडण यांच्या मिश्रणात ते लावतात. प्रथम झाकून ठेवतात आणि मग हळूहळू मोकळ्या हवेची सवय करतात. प्रयोगशाळेत कमावलेले पुष्कळदा याच टप्प्यावर घाईने गमावले जाते.

मजबूत झालेली रोपे पावसाळ्याच्या आरंभी, ज्या परिसरातून बी घेतले त्याच परिसरात, खडबडीत सालीच्या वृक्षावर काथ्याने बांधावीत. दूरच्या मुलखातील रोपे तेथे मिसळू नयेत. बाटलीत साखरेने बुरशीची जागा घेतली असली, तरी रानात पडणाऱ्या पुढच्या पिढीच्या बीला ती बुरशीच लागते. ती बाटलीतून आणता येत नसली तरी मूळ अधिवासात, जुन्या वृक्षाच्या सालीत, ती असण्याचा संभव सर्वाधिक.

प्रत्येकाचे कर्तव्य

वृक्षतोडीस परवानगी देताना त्या वृक्षावर आमरी आहेत काय, याची नोंद अधिकाऱ्यांनी घ्यावी आणि तोडीपूर्वी त्या जवळच्या वृक्षावर हलविण्याची व्यवस्था करावी. अभयारण्यातून परवानगीवाचून कोणतीही वनस्पती काढून नेणे हा गुन्हा आहे, हे ग्रामस्थांनी ध्यानी ठेवावे. अंगणात आमरी हवी असल्यास रोपवाटिकेतील, बियांपासून वा ऊतिसंवर्धनाने तयार झालेले रोप घ्यावे. रानातून उपटून आणलेले स्वस्त रोप घेऊ नये. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून गावातील जुन्या वृक्षांवरील आमरींची वही तयार करवून घ्यावी. वृक्ष कोणता, फुले केव्हा आली, बोंडे किती धरली, इतके टिपले तरी दोन-तीन वर्षांत ती वही प्रयोगशाळेलाही उपयोगी पडेल.

प्रयोगशाळा एका बोंडातून हजार रोपे देऊ शकते. परंतु ते बोंड रानातील फुलावरच धरते, आणि ते फूल जुन्या झाडावरच उमलते. काचेची कुपी ही रानाची मदतनीस आहे, रानाचा पर्याय नव्हे. गावातील आंबा उभा राहिला, तरच त्याच्या फांदीवर पुन्हा वेणी फुलेल.