इंदूरमधल्या आरोग्य संस्थेवर नवे विश्वस्त : खर्च कुठे, किती आणि का

मंडळावर तीन डॉक्टर, एक सी.ए., एक निवृत्त बँक अधिकारी आणि देणगीदारांचे चिरंजीव. दवाखान्याच्या बाकावर मात्र झाबुआ, धार, बडवानीहून आलेली माणसं. इंदुरातल्या तुमच्या संस्थेचं चित्र असं असेल आणि एखादी बरी झालेली रुग्ण, आशा कार्यकर्ती, दिव्यांग व्यक्ती किंवा भिल्ल समाजातला तरुण मंडळावर घ्यायचा असेल, तर सरकारी फीची धास्ती घेऊ नका. ती किरकोळ आहे. पैसा आणि वेळ जातो तो चुकलेल्या कागदांत आणि तो माणूस खरोखर बैठकीला येऊ शकेल या सोयीत.

आधी पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांचा सल्ला बाजूला ठेवा. तिकडे धर्मादाय आयुक्त असतात आणि बदल अर्जाला ९० दिवस मिळतात. इथे मध्य प्रदेश लोक न्यास अधिनियम, १९५१ चालतो. न्यासाचे निबंधक म्हणजे जिल्हाधिकारी, आणि विश्वस्तांतला बदल एका महिन्याच्या आत कळवायचा असतो. अर्ज मोती तबेल्याच्या कलेक्टर कचेरीत. मंगळवारी जनसुनावणीची गर्दी असते, दुसरा वार निवडा. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. चौकशी आणि तारखा यांत काही महिने जातील असं धरून चला.

‘आमचा ट्रस्ट जुना, घरचा, आम्हाला नोंदणी लागत नाही’ असं कुणी म्हणालं तर इंदूरच्याच खासगी (देवी अहिल्याबाई होळकर चॅरिटीज) ट्रस्टचं प्रकरण दाखवा. हा कायदा त्या ट्रस्टलाही लागू होतो, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये दिला आणि नोंदणीसाठी अर्ज करायला सांगितलं. नोंदणीच नसेल तर नवा विश्वस्त शोधण्याआधी ते काम उरका.

तुमची संस्था सोसायटी असेल तर रस्ता वेगळा. १९७३ च्या सोसायटी अधिनियमाखाली फर्म्स अँड सोसायटीजच्या कचेरीत कार्यकारिणीची यादी वार्षिक सभेनंतर ४५ दिवसांत द्यावी लागते. बोलीभाषेत ‘धारा २७’. सेक्शन ८ कंपनी असेल तर सगळं ऑनलाइन : नव्या संचालकाचा डीआयएन (संचालक ओळख क्रमांक) ५०० रुपये, डिजिटल सहीचा खर्च वेगळा (दोन-तीन ठिकाणी भाव विचारा), आणि नेमणुकीचा डीआयआर-१२ फॉर्म ३० दिवसांत. तो लांबला की उशिराचं शुल्क मूळ फीच्या १२ पटींपर्यंत चढतं.

आता खरी अडचण. न्यासपत्र काढा आणि स्वतः वाचा, वकिलाच्या सारांशावर राहू नका. चार गोष्टी शोधा : विश्वस्तांची कमाल संख्या, आजीव पदं, ‘अमुक कुटुंबातला’ किंवा ‘अमुक समाजातला’ अशी अट, आणि दुरुस्तीचा अधिकार कुणाला. सात जागा, सातही आजीव, तर जाहिरात देऊन काय उपयोग? दुरुस्तीचं कलम नसेल तर गाडी न्यायालयाकडे वळते, आणि वकिलाची फी हाच मग या कामातला सर्वांत मोठा आकडा ठरतो. ती फी टप्प्यांत ठरवा, लेखी घ्या.

सोसायटीत अडथळा सदस्यत्वाचा असतो. कार्यकारिणीत यायला आधी सदस्य हवं, सदस्य व्हायला आजीव वर्गणी, मग मतदानाला ठरावीक वर्षं. रोजंदारीवरची बाई इथेच गळते. नियमावलीत वर्गणी माफीचं कलम घाला. ते सर्वसाधारण सभेत मंजूर करून निबंधकाकडे नोंदवावं लागेल. आणि ‘मंडळावर या, पण आधी देणगी द्या’ ही प्रथा असेल तर ती ठराव करून बंद करा.

‘तोवर सल्लागार मंडळात घेऊ’ हा सोपा शॉर्टकट फार लोकप्रिय आहे. तिथे मत नसतं, हिशेब दिसत नाहीत, फोटो मात्र निघतो. घेतलंच तर जागा कधी रिकामी होणार ती तारीख ठरावात लिहा.

कागद : नियुक्तीचा ठराव, नव्या विश्वस्ताची लेखी संमती, आधार, पॅन, पत्त्याचा पुरावा, फोटो, जुन्याचा राजीनामा किंवा मृत्यूचा दाखला, मागितलं तर शपथपत्र. उमेदवाराकडे पॅन नसेल तर आधी तो काढून द्या. सरकारी नोकरी असेल तर विभागाची लेखी परवानगी. आशा कार्यकर्तीलाही विचारून घ्यायला सांगा. शपथपत्रावरचं मुद्रांक शुल्क ५० वरून २०० रुपये करणारं विधेयक विधानसभेने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केलं, तेव्हा टायपिस्टच्या जुन्या अंदाजावर जाऊ नका. तुमची इतिवृत्तं मराठीत असतील तर हिंदी भाषांतराचे पैसे धरा. हा खर्च इंदूरच्या मराठी संस्थांना हमखास विसरायला होतो.

यानंतर बँकेतल्या सह्या, आयकर पोर्टलवरची नावं आणि एनजीओ दर्पण या सरकारी पोर्टलवरची नोंद बदला. दर्पणला फी नाही, कुणी मागितली तर देऊ नका. परदेशी देणगीचा एफसीआरए परवाना असेल तर पदाधिकाऱ्यांतला बदल ४५ दिवसांत ऑनलाइन कळवा.

माणसं शोधायला एजन्सी नको. स्वतःच्या ओपीडीत हिंदीत फलक लावा, रुग्णांच्या गटांना, बचतगटांना, इंदूर स्कूल ऑफ सोशल वर्कला कळवा. ‘इंग्रजी आवश्यक’, ‘दहा वर्षांचा व्यवस्थापकीय अनुभव’ या ओळी काढून टाका, नाहीतर पुन्हा तुमच्याच कॉलनीतले अर्ज येतील. आणि एकच ‘वेगळा’ माणूस घेऊ नका. दोघं तरी घ्या. एकटा माणूस चहा पिऊन घरी जातो.

बजेटमध्ये प्रत्येक बैठकीसाठी तीन ओळी हव्यातच : झाबुआहून यायचं-जायचं बसभाडं आणि लागली तर मुक्कामाची सोय, बुडालेल्या रोजीची भरपाई, आणि गरजेप्रमाणे सांकेतिक भाषेचा दुभाषा किंवा सोबतीचा खर्च. भाडं आगाऊ द्या, खात्यावर द्या. बिल मागून महिन्याने देणं म्हणजे न देणंच. मात्र रोजीची भरपाई किंवा मानधन न्यासपत्रात बसतं का, रक्कम वाजवी आहे का, हे सी.ए.कडून लेखी घ्या, कारण विश्वस्ताला दिलेला गैरवाजवी पैसा आयकर सवलतीवर येतो. बैठक सकाळी अकराला की रविवारी दुपारी, हे नव्या माणसाला विचारून ठरवा. कागद आठवडाभर आधी, हिंदीत.

आणि मंडळावर यायचं निमंत्रण तुम्हालाच आलं असेल तर संमतीवर सही करण्याआधी तीन वर्षांचे ऑडिट झालेले हिशेब, चालू खटले, कर्जं आणि मालमत्तेची यादी मागा. निबंधकाच्या पूर्वपरवानगीशिवाय जमीन विकली किंवा गहाण ठेवली आहे का, हे स्पष्ट विचारा. उत्तर तोंडी मिळालं तर सही थांबवा.