बारीक तार सोलण्याचे हत्यार निवडताना

उन्हाळा लागला की जळगाव-धुळ्याच्या दुरुस्ती दुकानांत कूलरच्या मोटारींची रांग लागते. रिवाइंडिंग नीट होते, बेअरिंग नवे पडते, तरी कधी कधी आठ दिवसांत तेच गिऱ्हाईक तोच कूलर घेऊन दारात उभे राहते. अशा वेळी वाइंडिंग उसवण्याआधी जोडाजवळची तार भिंगाखाली पाहावी, असे आम्ही आपल्या कारागीर बांधवांना सुचवू.

सोलताना पात्याची धार तांब्याला लागली की तेथे खाच पडते. त्या दिवशी काही कळत नाही, मोटार चालते. पण कूलर रात्रभर थरथरतो आणि तार त्याच खाचेवर हलत राहून तुटते. १४/३६ ची लवचीक तार घ्या. तिच्यात ३६ गेजचे १४ धागे असतात. सोलताना दोन कापले गेले तर सातवा हिस्सा तांबे गेले. उरलेल्यांवर भार येतो, जोड तापतो, आणि कूलरमध्ये पाणी तर हाताशीच!

दातांनी तार ओढण्याची सवय शागीर्दांना पहिल्या दिवशीच मोडायला लावावी. लायटरने जाळले की तांबे काळे पडते आणि सोल्डर धरत नाही. ब्लेडचा दाब उस्तादालाही दर वेळी सारखा साधत नाही. स्क्रूचा साधा स्ट्रिपर स्वस्त असतो, पण तार बदलली की स्क्रू पुन्हा लावावा लागतो. गर्दीच्या वेळी तो कोण लावतो? स्वयंचलित स्ट्रिपर घरच्या वायरिंगला उत्तम. मात्र बारीक तारेला घेण्यापूर्वी त्यावर छापलेले माप पाहावे.

आमच्या मते बारीक कामाला ठरावीक भोकांचा स्ट्रिपर चांगला. येथे एक मोठी फसगत होते. आपल्या बाजारात तारेचा गेज म्हणजे इंग्लिश गेज, एसडब्ल्यूजी. परदेशी धाटणीच्या स्ट्रिपरवर बहुधा अमेरिकन गेजचे, म्हणजे एडब्ल्यूजीचे आकडे असतात. इंग्लिश ३० गेजची तार सुमारे ०.३१ मिलिमीटर जाड, तर अमेरिकन ३० गेजची ०.२५. आकडा एकच, पण भोक लहान! म्हणून आकड्यावर न जाता मोठ्या भोकापासून सुरुवात करावी आणि प्लास्टिक सुटेपर्यंत एकेक भोक खाली यावे. दोन्ही गेजांत आकडा वाढला की माप घटते. १४/३६ मधील ३६ हा एका धाग्याचा गेज आहे, अख्ख्या तारेचा नव्हे, हेही नवशिक्याला सांगून ठेवावे.

वाइंडिंगच्या इनॅमल तारेला यातला कोणताच स्ट्रिपर चालत नाही. तेथे बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवावा. काही बारीक तारांवरचे पॉलियुरेथेनचे इनॅमल गरम सोल्डरिंग आयर्ननेच निघते. पण तो धूर छातीला वाईट, तेव्हा दार उघडे हवे.

खरेदीला जाताना आपल्या रोजच्या तारांचे तुकडे खिशात न्यावेत. दुकानातच दहा टोके सोलून धागे मोजावेत. दहातल्या एका टोकाचा जरी धागा तुटला, तरी दुसरा नग मागावा.