मोबाईलमधील दप्तर : आवृत्ति, नक्कल व रीसेट

शेतकऱ्याच्या खिशांतील मोबाईल फोन हें आतां त्याचें दप्तरच झालें आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि उभ्या पिकाचा फोटो काढून पिकाची नोंद करण्याचें काम खातेदाराच्या हातीं आलें. कारखान्याच्या पावत्या, बाजारांतील पट्ट्या व नुकसानीचे फोटो याच यंत्रांत असतात. २०१९ च्या ऑगस्टांत सांगलीस आयर्विन पुलापाशीं कृष्णेचें पाणी ५७ फुटांच्या वर गेलें. तेथें धोक्याची पातळी ४५ फूट आहे. मिरज तालुक्यांतील नदीकाठच्या ज्या खातेदारानें तेव्हां बुडालेल्या पिकाचे फोटो काढले, त्यास ते पुन्हा काढतां येणार नाहींत. सबब हें दप्तर कसें राखावें, हें पाहूं.

प्रथम आवृत्ति. फोनचीं सर्व कामें चालविणाऱ्या मूळ व्यवस्थेस ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. आपल्याकडील बहुतेक फोनांत ती अँड्रॉइड नांवाची असते. तिची पहिली आवृत्ति २००८ सालीं निघाली. २०२५ सालीं सोळावी निघाली. आपल्या फोनांतील आवृत्तीचा आंकडा ‘सेटिंग्ज’मध्यें ‘अबाऊट फोन’ येथें दिसतो. आवृत्ति फार जुनी झाली म्हणजे बँकेचीं व इतर नवीं ॲपें चालेनाशीं होतात, आणि चोरट्यांस अटकाव करणाऱ्या दुरुस्त्याही मिळत नाहींत. या दुरुस्त्या किती वर्षें मिळतील हें फोन बनविणारी कंपनी ठरविते. म्हणून नवा फोन घेतांना किमतीबरोबर हेंही विचारावें. फेरफार मंजूर झाल्यानें सात-बारा बदलतो, पण जमीन जागच्या जागीं राहते. तद्वत् आवृत्ति बदलली तरी फोटो व नंबर सामान्यतः कायम राहतात.

फॅक्टरी रीसेटची गोष्ट निराळी. फोन विकत आणला त्या दिवशीं जसा कोरा होता तसा तो या क्रियेनें होतो. हिच्याविषयीं दोन गैरसमज आढळतात. रीसेटनें जुनी आवृत्ति परत येते, हा पहिला. वस्तुतः आवृत्ति आहे तीच राहते, पुसला जातो तो आपला मजकूर. दुकानदार पुसलेलें परत काढून देईल, हा दुसरा. अलीकडील फोनांत मजकूर सांकेतिक कुलुपांत असतो व रीसेटबरोबर त्याची किल्लीच नष्ट होते. मग कोणाचाही इलाज चालत नाहीं.

उपाय एकच : नक्कल, म्हणजे बॅकअप. आम्ही महसूल खात्यांत कारकुनी केली. तेथील पहिला धडा हा कीं, ज्या कागदाची दुसरी प्रत दुसऱ्या जागीं नाहीं, तो असून नसल्यासारखा. त्याच फोनांत दुसऱ्या फोल्डरमध्यें ठेवलेली प्रत नक्कल नव्हे. रीसेटपूर्वीं पुढील गोष्टी कराव्या :

(१) फोटो व नंबर गूगल खात्यांत चढवावे. तेथें १५ जीबी जागा मोफत असते, पण टपाल, फोटो व कागद मिळून तेवढीच.
(२) व्हॉट्सॲपची नक्कल त्याच्याच ‘सेटिंग्ज’मधून निराळी घ्यावी.
(३) पीक पाहणीची माहिती अपलोड झाली कीं नाहीं हें पाहावें. फोनांतच राहिलेली नोंद सरकारदरबारीं पोहोंचलेली नसते.
(४) महत्त्वाचे फोटो व पावत्या पेनड्राइव्हवर उतरवाव्या.
(५) गूगल खात्याचा पत्ता व पासवर्ड घरांतील वहींत लिहून वही कुलुपांत ठेवावी. रीसेटनंतर पुष्कळ फोन जुनेंच खातें मागतात. तें न सांगतां आल्यास फोन उघडत नाहीं. फोन विकावयाचा असल्यास आधीं खातें काढावें, मग रीसेट करावा.

इतकें करूनही ताबडतोब रीसेट करूं नये. घरांतील दुसऱ्या फोनवर किंवा संगणकावर तेच फोटो उघडून पाहावे. उघडले तरच नक्कल खरी. फोन मंद चालतो एवढ्यानेंच रीसेटकडे वळूं नये; आधीं तो बंद करून पुन्हा सुरू करावा, नको असलेले व्हिडिओ काढून जागा करावी.

पुराचें पाणी घरांत शिरलें तर फोनही भिजतो, व रीसेट न करतांच दप्तर जातें. तेव्हां मृगापूर्वीं जसें बियाणें व खत पाहून ठेवतों, तसेंच एक दिवस या नकलेसाठीं राखावा, अशी आमची वाचकांस सूचना आहे.