पाचवे शील आणि व्यसनमुक्तीची सभा

पंचशील ग्रहण करताना पाचवे शील आपण सर्वजण मोठ्याने म्हणतो. १९५६ साली नागपूरच्या दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. माझ्या एका चुलतभावाने ती तीन वेळा घेतली. तिन्ही वेळा विहारात, बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर, आणि मनापासून. पहिल्यांदा ती चार महिने टिकली, दुसऱ्यांदा सहा आठवडे, तिसऱ्यांदा पुढच्या बाजारापर्यंत. मग तो विहारात येईनासा झाला. "कोणत्या तोंडाने येऊ, दादा?" असे त्याने मला विचारले. त्याला बोलायचे आम्ही मंडळींनी काही बाकी ठेवले नव्हते आणि त्यात मीही होतो.

बँकेच्या काउंटरवर बसणाऱ्याला गावातील दारू वेगळ्या बाजूने दिसते. घोडेगावच्या बाजारात कांद्याची पट्टी झाली की खात्यावर रक्कम जमा होते. सकाळी नवरा स्लिप भरून पैसे काढतो. दुपारी बायको पासबुक घेऊन शिल्लक विचारायला येते. तो आकडा सांगताना मान वर करवत नाही.

आपल्या जिल्ह्याला दारूबंदीचा इतिहास आहे. राळेगणसिद्धीत अण्णा हजारे यांनी दारूच्या भट्ट्या बंद करविल्या, पिणाऱ्यांना खांबाला बांधून फटकेही दिले गेले. हिवरे बाजारने नशाबंदीला ग्रामविकासाचे सूत्र मानले. ही गावे सुधारली हे खरेच आहे. परंतु दारूचे व्यसन हा आजार आहे असे वैद्यकशास्त्र मानते, आणि आजारी माणूस फटक्याने किंवा शपथेने बरा होईल असे मला तरी वाटत नाही.

मग तो कशाने सावरतो? १९३५ साली बिल नावाचा एक शेअर दलाल अमेरिकेतील ॲक्रन या शहरी कामासाठी गेला होता. दारू सोडून त्याला काही महिनेच झाले होते. काम फिसकटले आणि हॉटेलातला बार त्याला बोलावू लागला. तेव्हा त्याने फोन उचलला आणि गावात कोणी आपल्यासारखा मद्यपी आहे का, याची चौकशी सुरू केली. त्यातून त्याला डॉ. बॉब हे शल्यचिकित्सक भेटले. दोघे बोलत बसले. 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस', म्हणजे अनामिक मद्यपी, ही संघटना त्या भेटीतून उभी राहिली. बोलताना तिला 'ए.ए.' म्हणतात. १९५७ मध्ये तिचे काम मुंबईत सुरू झाले. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र काढले. तेथेही उपचारानंतरच्या पाठपुराव्याला फार महत्त्व आहे.

ए.ए.च्या सभेत घडते ते अगदी साधे. पाचदहा माणसे बसतात, एकेक जण स्वतःचे नाव सांगून आपली हकीकत बोलतो. कोणी उपदेश करीत नाही. फी नाही, जात विचारीत नाहीत, दारू सोडण्याची इच्छा एवढीच अट. तेथे आयुष्यभराची शपथ घेत नाहीत, फक्त आजचा दिवस प्यायचे नाही असे ठरवितात. माझ्या भावाची चूक मला येथे समजली. तो दरवेळी जन्माचे ओझे एकदम उचलीत होता.

त्यांच्या बारा पायऱ्यांत ईश्वराचा उल्लेख येतो, ही आपल्या लोकांची अडचण. पण ज्याला जसा समजेल तसा, अशी सवलत तेथेच दिलेली आहे. कित्येक जण त्या गटालाच आपल्यापेक्षा मोठी शक्ती मानतात. आपल्याला हे परके का वाटावे? भिक्खूसंघ पंधरवड्याला उपोसथासाठी जमतो आणि ज्याच्या हातून दोष घडला तो कबूल करतो, ही पद्धत अडीच हजार वर्षांची आहे.

आता प्रत्यक्ष शोध कसा घ्यावा? रोज पिणाऱ्याने आधी डॉक्टरांना भेटावे. दारू एकाएकी बंद केल्यास फिट येऊ शकते, भ्रम होतो, क्वचित जिवावर बेतते. जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात जाऊन जवळची सभा कोठे भरते ते विचारावे. १४४४६ हा केंद्र शासनाचा व्यसनमुक्तीचा फोन आहे. २०२२ पासून 'टेली-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांकही सुरू झाला असून तेथे मराठीत बोलता येते. दोन्हींना पैसे पडत नाहीत. फोन करताना नाव सांगायचा संकोच वाटला तर गावाचे नाव सांगितले तरी पुरते. काही सभा खुल्या असतात, तेथे नातेवाइकांनाही बसता येते. घरच्यांसाठी 'अल-अनॉन' हे वेगळे गट असतात. नवरा सभेला जायला तयार नसला तरी पत्नी तेथे जाऊ शकते, हे आपल्या भगिनींना फारसे माहीत नाही.

नगरला जाऊन यायचे म्हणजे अर्धा दिवस आणि एस.टी.चे भाडे, ही सबब मी भावाच्या तोंडून ऐकली आहे. पहिल्या खेपेस मी रजा टाकून त्याच्याबरोबर गेलो. सभा बंद होती, म्हणून मी बाहेर बाकावर बसलो. तासाभराने तो आला आणि म्हणाला, "दादा, तिथं एकानं माझीच गोष्ट सांगितली." त्यानंतर तो एकदा घसरला. पण या वेळी चौथ्या दिवशी पुन्हा सभेला गेला.

दोन-तीन मद्यपी सोडण्याच्या हेतूने एकत्र बसले तरी तो गट होतो, असे ए.ए. मानते. त्यांना फक्त जागा लागते. ते कोणत्याही संस्थेशी जोडले जात नाहीत आणि देणगीही घेत नाहीत, तेव्हा आपल्या मंडळाचा फलक तेथे लावण्याचा आग्रह धरू नये. विहारामागची खोली गुरुवारी संध्याकाळी रिकामी असते. भाडे म्हणून ते थोडे पैसे देऊ करतील, ते घ्यावेत. किल्ली कार्यवाहांकडे आहे.