काचेवर उलटं दिसलं, म्हणून भिंग बिघडत नाही

प्रश्न : आजोबांच्या स्टुडिओतला लाकडी, भात्याचा कॅमेरा मिळाला. मागच्या काचेवर चित्र उलटं दिसतं. भिंग बिघडलंय का? काशीच्या बालाजी घाटावर तो चालेल?
– एक वाचक, सातारा

उत्तर : भिंग ठणठणीत आहे. प्रतिमा सुलटी करणारे आरसे या कॅमेऱ्यात नसतातच. सवय झाली की मांडणी उलट चांगली जमते.

आधी भाता तपासा. अंधाऱ्या खोलीत आत टॉर्च लावा. घड्यांच्या कोपऱ्यांत प्रकाशाचे ठिपके दिसले, तर काळं कापड चिकटवा. मग फिल्मधारक मोजा. ४×५ इंचाचा असेल, तर इल्फर्डची एचपी५ प्लस आजही बनते. हाफ प्लेट (४¾×६½ इंच) असेल, तर लाल दिव्यात फोटोपेपर कापून बसवा. पेपर मंद असतो, एक्स्पोजर लांबतं, चित्र निगेटिव्ह येतं.

बिस्मिल्ला खाँ जिथल्या बालाजी मंदिरात रियाज करत, तो हा पेशवेकालीन घाट पूर्वाभिमुख आहे. सकाळचं ऊन थेट दर्शनी भागावर पडतं. होडी डुलते, ती नकोच. खालच्या पायऱ्यांवर तिपाई रोवा, कॅमेरा समतल ठेवा आणि भिंगाची पाटी वर सरकवा. उंच इमारत मागे कललेली दिसणार नाही.

मणिकर्णिका घाटावर मात्र कॅमेरा उघडू नका. तिथे अंत्यसंस्कार चालू असतात.