जुनी गाडी तपासताना नुकसान झालं, तर भरपाई कोणाची? धानोऱ्याच्या एका मेकॅनिक भावाचा प्रश्न



कमी भांडवलात सुरू होणाऱ्या धंद्यांच्या व्हिडिओत आपण 'जुन्या गाड्या तपासून देण्याचं काम' हा विषय घेतला होता. तो पाहून धानोऱ्याहून एका भावाचा फोन आला. त्याचं छोटं गॅरेज आहे. गिऱ्हाइकासोबत जाऊन जुनी गाडी पाहायची, काय चांगलं काय खराब ते सांगायचं आणि फी घ्यायची, असं काम त्याने सुरू केलं. तिसऱ्याच गाडीला घोटाळा झाला.

त्याने बॉनेट उघडलं, ऑइल पाहिलं, पाणी पाहिलं, गाडी सुरू केली आणि थोडी रेस दिली. खाडकन आवाज आला आणि इंजिन बंद. टाइमिंग बेल्ट तुटला होता. मालक म्हणाला, "माझी गाडी सकाळी चालू होती. तू हात लावला आणि बंद पडली. पस्तीस हजार दे, नाहीतर टूलबॉक्स इथंच राहील." ज्याच्यासाठी गाडी पाहायला गेला, ते गिऱ्हाईक हळूच निघून गेलं. भावाचा प्रश्न एकच होता, "सर, काहून देऊ मी पैसे? माझी चूक काय?"

टूलबॉक्स गेली म्हणजे गॅरेज बंद. म्हणून आजचा धडा नीट वाचा. जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री, दलाली, गॅरेज, नाहीतर स्वतःच्या धंद्यासाठी जुनी पिकअप घेणं, यातलं काहीही करणार असाल तरी हा प्रश्न तुमच्यासमोर येणारच.

पहिली गोष्ट : 'हात कोणाचा होता' यावर भरपाई ठरत नाही

आपल्याकडे सरळ हिशोब असतो, ज्याच्या हातात मोडलं त्याने भरावं. कायदा असा हिशोब करत नाही. तो तीन प्रश्न विचारतो. गाडी त्या वेळी कोणाच्या मालकीची होती? कोणाच्या ताब्यात होती? आणि ताब्यात असणाऱ्याने नीट काळजी घेतली का?

मालकीचं आधी बघू. वस्तू विक्री कायदा, १९३० च्या कलम २६ प्रमाणे, वेगळं काही ठरलं नसेल तर वस्तूची जोखीम मालकीसोबत चालते. सौदा व्हायच्या आधी गाडी विकणाऱ्याची आहे, म्हणून आपोआप झालेल्या बिघाडाची जोखीमही त्याचीच.

आता ताबा. तपासायला किल्ली तुमच्या हातात दिली आणि गाडी तुमच्या ताब्यात आली, की भारतीय करार कायदा, १८७२ लागू होतो. दुसऱ्याची वस्तू ठरावीक कामासाठी घ्यायची आणि काम झालं की परत द्यायची, या व्यवहाराला कायद्याच्या भाषेत 'निक्षेप' म्हणतात. शब्द जड आहे, पण त्यातली चार कलमं सोपी आहेत.

- कलम १५१ : साधा, समंजस माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची जेवढी काळजी घेईल, तेवढी तुम्ही घ्यायची.
- कलम १५२ : तेवढी काळजी घेतली असेल आणि वेगळा करार नसेल, तर नुकसानीची जबाबदारी तुमच्यावर नाही.
- कलम १५० : गाडीतला दोष मालकाला माहीत असेल तर त्याने तो सांगायचा. लपवला आणि त्यातून थेट नुकसान झालं, तर जबाबदारी त्याची.
- कलम १५४ : ठरलं त्यापेक्षा वेगळा वापर केला, तर त्या वापरात झालेलं नुकसान तुमचं. मग चूक असो की नसो.

शेवटच्या कलमावर थांबा. "लेखा-मेंढ्यापर्यंत फिरवून आणतो" असं सांगून तुम्ही गाडी गडचिरोलीला चहा प्यायला नेली आणि वाटेत काही झालं, तर "माझी चूक नव्हती" हे उत्तर चालणार नाही.

आणखी एक. गाडी तुमच्या ताब्यात असताना नुकसान झालं, तर काळजी घेतली होती हे दाखवायची पाळी साधारणपणे तुमच्यावरच येते. म्हणून बरोबर असणं पुरत नाही, ते दाखवता आलं पाहिजे. आपला धानोऱ्याचा भाऊ इथेच अडकला. मालक शेजारी बसलेला असेल तर ताबा पूर्ण तुमचा होता की नाही यावर वाद होऊ शकतो. पण तुम्ही निष्काळजीपणा केला असेल, तर मालक शेजारी होता म्हणून सुटका होत नाही.

दुसरी गोष्ट : पाच प्रसंग, पाच उत्तरं

१. बेल्ट तुटला. टाइमिंग बेल्ट रबराचा असतो आणि कंपनीने सांगितलेल्या किलोमीटरला किंवा वर्षांना बदलावा लागतो. जुना झालेला बेल्ट सुरू करताना, रेस देताना कधीही तुटतो. बऱ्याच इंजिनांत बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात आणि खर्च मोठा होतो. गाडी सुरू करून साधी रेस देणं हा तपासणीचाच भाग आहे, त्यामुळे ही जबाबदारी मालकाची. पण थंड इंजिनाला पाच मिनिटं एक्सलेटर दाबून ठेवला असेल, तर उत्तर बदलतं.

२. जॅक घसरला. गाडी उचलताना जॅक नेमलेल्या जागी लावला नाही, चाकाला दगड लावला नाही, आणि दाराखालचा पत्रा दबला. ही काळजीतली कसूर आहे. भरपाई मेकॅनिकची.

३. ऑइलचा नट ढिला राहिला. तपासून झाल्यावर नीट आवळला नाही, ऑइल गळालं, दोन दिवसांनी इंजिन जाम झालं. भरपाई मेकॅनिकचीच. गाडी परत दिली म्हणून विषय संपत नाही.

४. टेस्ट ड्राइव्हला गिऱ्हाइकाने गाडी झाडावर घातली. आधी चालवणाऱ्याची जबाबदारी. पण गिऱ्हाइकाला तुम्ही किल्ली दिली असेल आणि लायसन्स पाहिलं नसेल, तर मालक तुम्हालाही धरणार.

५. रस्त्यावरच्या माणसाला लागलं. हा सगळ्यात गंभीर प्रसंग. त्याचं वेगळं बघू.

तिसरी गोष्ट : माणसाला इजा झाली, तर आरसी बुक कोणाच्या नावावर आहे?

मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये 'मालक' म्हणजे साधारणपणे ज्याच्या नावावर गाडीची नोंदणी आहे तो. घरी पैसे मोजले, किल्ली दिली, कागदावर सह्या झाल्या, तरी आरटीओत नाव बदललं नसेल तर जुना मालकच मालक.

फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार' या खटल्यात हेच सांगितलं. त्यात एक गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे अशी अनेक हातांतून गेली होती, पण नोंदणी पहिल्याच्याच नावावर होती. २००९ मध्ये गाडी मागे घेताना अपघात झाला आणि एकाचा जीव गेला. गाडी विकून जवळपास दोन वर्षं झालेल्या नोंदणीकृत मालकालाच न्यायालयाने नुकसानभरपाईसाठी जबाबदार धरलं.

विकणाऱ्यांनी यातून शिकायचं. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर १४ दिवसांत आणि दुसऱ्या राज्यात असेल तर ४५ दिवसांत विकणाऱ्याने कळवायचं असतं. त्यासाठी फॉर्म २९ आणि ३० असतात. आपल्या भागात हे जास्त महत्त्वाचं आहे. धानोरा-मुरूमगावचा रस्ता पुढे छत्तीसगडला जातो, त्यामुळे एमएच ३३ सोबत सीजी नंबरच्या गाड्याही विक्रीला येतात. सीजीची गाडी पाहायला जाताना एनओसीचं काय, हे किल्ली घ्यायच्या आधीच विचारा.

लायसन्सचंही लक्षात ठेवा. विनालायसन्स माणसाला गाडी चालवू देणाऱ्या मालकाला किंवा गाडी ज्याच्या ताब्यात आहे त्याला ५,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. "गिऱ्हाईक ओळखीचं आहे" म्हणून किल्ली देऊ नका.

चौथी गोष्ट : "विमा आहे ना भाऊ!"

हे वाक्य ऐकलं की सावध व्हा आणि पॉलिसी स्वतः उघडून बघा.

- फक्त थर्ड पार्टी विमा असेल, तर तपासणाऱ्या गाडीच्या नुकसानीचा एक रुपयाही मिळत नाही. तो समोरच्याच्या नुकसानीसाठी असतो.
- पॅकेज विमा असेल, तर मालकाच्या परवानगीने लायसन्सवाला माणूस चालवत असताना झालेला अपघात साधारणपणे त्यात बसतो. पण यांत्रिक बिघाड आणि झीज बसत नाही. म्हणजे तुटलेला बेल्ट, जळालेली क्लच प्लेट विम्यात नाही.
- क्लेम केला तरी पहिला हिस्सा मालकाच्या खिशातून जातो. खासगी कारला १५०० सीसीपर्यंत १,००० रुपये आणि त्यावर २,००० रुपये. वर नो क्लेम बोनसही जातो. हा खर्च कोण देणार, ते आधी ठरवा.
- खासगी कारच्या पॉलिसीत 'मोटार व्यापाराशी संबंधित वापर' वगळलेला असतो. गाड्या विकण्याचा धंदा करणाऱ्याने आपल्या कामासाठी गाडी फिरवली, तर कंपनी यावर बोट ठेवू शकते.

धंदा वाढवून दारात चार गाड्या उभ्या करायच्या असतील, तर आणखी एक नियम आहे. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला अधिकृत प्रमाणपत्र घ्यावं लागतं. गाडी ताब्यात आल्याची माहिती द्यावी लागते. गाडी कोणी, कशासाठी, कधी, किती किलोमीटर चालवली याची इलेक्ट्रॉनिक नोंद ठेवावी लागते. मोठ्या डीलरला जी नोंद सक्तीची आहे, ती तुम्ही साध्या वहीत ठेवायला काय हरकत आहे?

पाचवी गोष्ट : टोकनची पावती

समजा, गाडी पसंत पडली, पाच हजार टोकन दिलं आणि गाडी मालकाकडेच राहिली. रात्री वादळात तिच्यावर झाड पडलं. नुकसान कोणाचं? वस्तू विक्री कायद्याप्रमाणे, ठरावीक वस्तूचा बिनशर्त सौदा पक्का झाला की पैसे नंतर द्यायचे असले तरी मालकी लगेच जाऊ शकते. दोघांच्या मनात काय होतं यावर ते ठरतं. मनातलं कोर्टात दिसत नाही, कागदावरचं दिसतं. म्हणून पावतीवर एक ओळ लिहा : "पूर्ण रक्कम दिल्यावर आणि गाडी ताब्यात घेतल्यावर मालकी व जोखीम घेणाऱ्याकडे जाईल."

आता काम : एक पानाची तपासणी पावती

गाडीला हात लावायच्या आधी हे लिहा आणि मालकाची सही घ्या.

१. तारीख, वेळ, गाडीचा नंबर, किलोमीटरचा आकडा.
२. मालकाने सांगितलेले दोष. बेल्ट, क्लच, ब्रेक शेवटचे कधी बदलले?
३. काय तपासणार : इंजिन सुरू करणं, जॅकवर उचलणं, टेस्ट ड्राइव्ह.
४. गाडी कोण चालवणार, त्याचा लायसन्स नंबर, कुठपर्यंत नेणार.
५. विमा कोणता, कधीपर्यंत.
६. "तपासणाऱ्याच्या निष्काळजीपणाने झालेलं नुकसान तपासणारा भरेल. जुन्या झीजेमुळे झालेला बिघाड मालकाचा राहील. गाडी चालवणाऱ्याच्या चुकीने अपघात झाला तर चालवणारा भरेल."

सोबत गाडीभोवती फिरून दोन मिनिटांचा मोबाइल व्हिडिओ काढा. त्यात मीटर, चारही बाजू, इंजिन आणि सुरू केल्यावरचा आवाज आला पाहिजे. सही द्यायला मालक नाही म्हणाला, तर तपासणी करू नका. पाचशे-आठशेची फी सोडून दिलेली परवडते.

हिशोब करून बघा. समजा फी ८०० रुपये आणि महिन्याला दहा गाड्या, म्हणजे ८,००० रुपये. तुमच्या चुकीने एक पत्रा दबला आणि १६,००० खर्च आला, तर दोन महिन्यांची फी गेली. म्हणून प्रत्येक फीमधले १०० रुपये वेगळ्या डब्यात टाका. हा तुमचा चुकीचा डबा. घरखर्चाला त्याला हात लावायचा नाही.

आणि फी घेता म्हणजे तुम्ही सेवा देता. तपासणीत ढिलाई झाली तर तुमचं गिऱ्हाईकसुद्धा ग्राहक आयोगात जाऊ शकतं. जे तपासलं नाही, ते 'तपासलं नाही' असंच लिहून द्या.

त्या भावाचं काय झालं?

मी त्याला सांगितलं, भांडू नको, पैसेही देऊ नको, आधी कव्हर खोल. गावातल्या दोन जाणत्या माणसांसमोर, दुसऱ्या मेकॅनिकच्या हाताने कव्हर उघडलं. बेल्टला जागोजागी भेगा होत्या. मालकाकडे बेल्ट बदलल्याचं एकही बिल नव्हतं. मालक नरमला आणि टूलबॉक्स परत मिळाली. भावाने इंजिन उतरवायची मजुरी घेतली नाही, ती त्याने आपल्या मनाने सोडली. पण या सगळ्यात अकरा दिवस गेले. अकरा दिवस गॅरेज बंद. एका पानाची पावती असती, तर हे अकरा तासांत मिटलं असतं.

आता तो पावतीपुस्तक छापून घेऊन फिरतो. परवा फोनवर म्हणाला, "सर, सही मागितली की मालक आपणहून सांगतात, भाऊ, क्लच जरा खराब आहे बरं का!"

तुमचा गृहपाठ : वरचे सहा मुद्दे आजच वहीत उतरवा आणि घरच्या किंवा शेजारच्या गाडीवर एकदा पूर्ण पावती भरून बघा. किती वेळ लागला ते मोजा. दहा मिनिटांत जमलं, की तुम्ही पहिल्या गिऱ्हाइकाला तयार आहात. रक्कम मोठी असेल किंवा कोणाला इजा झाली असेल, तर मात्र वकिलाचा सल्ला घेतल्याशिवाय कशावरही सही करू नका.

भेटू पुढच्या धड्यात. तोपर्यंत धंदा करा, पण कागदावर करा!